यंत्र त्यांचे, प्रोग्रॅम आपला

१९७४ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने, म्हणजे टीसीएसने, अमेरिकेतल्या बरोज कंपनीचे एक काम घेतले. रुग्णालयांच्या हिशेबाचे एक सॉफ्टवेअर बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांवर चालत होते. तेच बरोजला आपल्या लहान यंत्रांवर चालवून हवे होते. भाषा दोन्हीकडे कोबोलच, पण दोन्ही यंत्रांच्या कोबोलचे नियम वेगळे. काम किचकट होते, अशक्य नव्हते. गोची वेगळीच होती. ज्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा, ते यंत्रच टीसीएसकडे नव्हते.

हाताशी होते ते ब्रिटनच्या आयसीएल कंपनीचे १९०३ नावाचे यंत्र. मग टीसीएसच्या मंडळींनी त्यावर एक गाळणी-प्रोग्रॅम लिहिला. एका बाजूने मध्यम यंत्राचे कोबोल आत घालायचे, दुसऱ्या बाजूने लहान यंत्राचे कोबोल बाहेर काढायचे. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा इतिहास सांगताना या कामाचा मान पहिला असतो आणि कौतुक होते ते त्या गाळणीच्या कल्पकतेचे. कौतुक रास्तच आहे. मात्र त्या गोष्टीतले न आलेले यंत्र मला जास्त बोलके वाटते. दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न सुचतो तो कोडचा नसतो. लिहिलेले चालवून कुठे बघायचे, हा असतो.

त्या काळी यंत्र आणणे हे दिव्य होते. परकीय चलन तुटपुंजे, आयात परवान्याची पायरी वेगळी, वर जबर आयात शुल्क. १९७२ च्या सरकारी योजनेत संगणक आणायला परवानगी मिळे ती एका बोलीवर: यंत्राच्या किमतीच्या दुप्पट मोलाचे सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करून दाखवायचे. म्हणजे यंत्र आले नाही तर निर्यात नाही आणि निर्यातीची हमी दिली नाही तर यंत्र नाही. ही बोली मान्य करणाऱ्या पहिल्या कंपन्यांत टीसीएस होती आणि बरोजचे बी १७२८ हे यंत्र तिने त्याच मार्गाने आणले.

त्याआधीही मुंबईत यंत्रे होती, पण ती कुणाची तरी होती आणि बाकीच्यांनी पाळी लावायची होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे त्या काळचे बलाढ्य यंत्र आले. देशभरच्या संस्थांतले संशोधक आपले प्रोग्रॅम छिद्र पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांत तिथे पाठवत आणि उत्तर छापील कागदावर परत येई. एका ओळीत स्वल्पविराम चुकला तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा पाळी. १९८१ साली पुण्यात नोंदवलेल्या इन्फोसिसकडेही पहिली दोन वर्षे स्वतःचा संगणक नव्हता. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली ती मायको या ग्राहक कंपनीच्या कामासाठी, आणि तिथल्या डेटा जनरल यंत्रावर तिची मंडळी काम करू लागली. ते मेनफ्रेम नव्हते, मिनी-संगणक होता. तरी सवाल तोच.

आता मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे रोजचे व्यवहार पेलणारा मोठा संगणक, याबद्दल सांगायला हवे, कारण ही यंत्रे संग्रहालयात गेली असा एक गोड गैरसमज आहे. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. आजची आयबीएम झेड यंत्रे तिचीच थेट वंशज. साठच्या दशकात त्या मालिकेसाठी लिहिलेले प्रोग्रॅम आजही मोठ्या प्रमाणात तसेच्या तसे चालतात. २०२२ साली आलेल्या झेड-१६ मध्ये ग्राहकाला दोनशेपर्यंत प्रोसेसर आणि चाळीस टेराबाइटपर्यंत स्मृती घेता येते. अमेरिका-युरोपातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे रोजचे व्यवहार अशा यंत्रांवर नोंदले जातात. आपल्याकडच्या बँकांनी संगणकीकरण उशिरा केले आणि बहुतेकांनी ते युनिक्सच्या सर्व्हरवर केले. म्हणून धाराशिव जिल्ह्यातल्या बँकेच्या शाखेत मेनफ्रेमचे नाव कानावर येत नाही. पण पुण्या-मुंबईतल्या हजारो मंडळींची पगाराची स्लिप गेली कित्येक वर्षे याच यंत्रांमुळे निघते आहे.

या यंत्रांवर चालणारे सगळे सॉफ्टवेअर आयबीएम लिहीत नाही. डेटाबेस जपणारी, बॅकअप घेणारी, रात्रभराची कामे क्रमाने लावणारी, कुठे काय अडले ते दाखवणारी साधने दुसऱ्या कंपन्या बनवतात. धंद्यात त्यांना आयएसव्ही म्हणतात. हा धंदा उभा राहिला त्याची तारीख बऱ्यापैकी नेमकी सांगता येते. त्याआधी यंत्र घेतले की सॉफ्टवेअर त्यासोबत फुकट येई. फुकट मिळणाऱ्या मालाशी कोण स्पर्धा करणार? २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केले की यापुढे सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावू. अमेरिकेतला सरकारी खटला डोक्यावर होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. त्या दिवसापासून बाहेरच्या कंपन्यांना बाजार मिळाला. मात्र एक गोष्ट तशीच राहिली: यंत्र आणि त्याची मूळ प्रणाली एकाच मालकाच्या हातात.

इथे कुणीही विचारील, कोबोल तर लॅपटॉपवरही चालते, मग लॅपटॉपवर लिहा, तपासा आणि ग्राहकाकडे नेऊन बसवा. करून बघा. पहिला दणका अक्षरांचा बसतो.

आपल्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आस्की पद्धतीत शून्य या अंकाचा क्रमांक ४८, मोठ्या ए चा ६५, लहान ए चा ९७. म्हणजे क्रम लावला की आधी अंक, मग मोठी अक्षरे, मग लहान अक्षरे. मेनफ्रेमवर एब्सिडिक नावाची वेगळी पद्धत आहे. तिथे लहान ए १२९ वर, मोठा ए १९३ वर आणि शून्य थेट २४० वर. क्रम बरोबर उलटा: आधी लहान अक्षरे, मग मोठी, शेवटी अंक. समजा विमा कंपनीच्या पॉलिसी क्रमांकांत काही अंकाने सुरू होतात, काही अक्षराने. लॅपटॉपवर लावलेली यादी आणि मेनफ्रेमवर लावलेली यादी वेगळी निघते. दोन याद्या जुळवून पुढे जाणारा प्रोग्रॅम, आणि असे प्रोग्रॅम या क्षेत्रात पैशाला पासरी आहेत, लॅपटॉपवर अगदी बरोबर चालतो आणि तिकडे गेल्यावर अर्ध्या नोंदी जुळल्या नाहीत म्हणून सांगतो. एवढ्यावर भागत नाही. आस्कीत ए ते झेड सलग आहेत. एब्सिडिकमध्ये आय २०१ वर आणि जे एकदम २०९ वर. आर २१७ वर आणि एस २२६ वर. मध्ये खड्डे आहेत, कारण ही रचना छिद्रांच्या कार्डांपासून आलेली. ए पासून एक-एक मिळवत झेडपर्यंत जाणारा साधासरळ कोड त्या खड्ड्यांत पडतो.

मग आकडे. मेनफ्रेमवर पैशाचे आकडे बहुधा पॅक्ड डेसिमल पद्धतीने साठवतात. एका बाइटमध्ये दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. त्या जागेत चुकून कोऱ्या जागा किंवा अक्षरे आली आणि प्रोग्रॅमने बेरीज करायला घेतली की यंत्र त्याला जागीच थांबवते. या चुकीचा क्रमांक या क्षेत्रातला प्रत्येक माणूस झोपेतही सांगेल; बोलताना त्याला सगळे 'सॉक सेव्हन' म्हणतात. पुण्यात रात्रपाळीला बसलेल्या मुलाला अमेरिकेतून फोन येतो तो बऱ्याचदा याच सॉक सेव्हनचा. लॅपटॉपवरचे काही कोबोल कंपायलर अशा खराब आकड्याला गुपचूप शून्य समजून पुढे जातात. तपासणीत चूक दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ग्राहकाच्या घरी दिसते.

आणि हे झाले साध्या हिशेबी प्रोग्रॅमचे. आयएसव्हींचा माल बहुधा त्याहून खोल बसणारा असतो. यंत्राच्या आत काय चालले आहे हे दाखवणाऱ्या साधनाला मूळ प्रणालीच्या गाभ्यात हात घालावा लागतो. त्यासाठी त्या प्रोग्रॅमला खास अधिकार असलेल्या ग्रंथसंग्रहात, म्हणजे एपीएफ लायब्ररीत, ठेवतात. असा अधिकार मिळालेल्या प्रोग्रॅमने चुकीच्या जागी एक बाइट लिहिली तर तो एकटा बंद पडत नाही, सगळे यंत्र घेऊन पडतो. ज्या यंत्रावर बँकेचे खातेदार पैसे काढत आहेत, त्यावर असला प्रयोग कोण करू देईल? ग्राहक भला असला तरी त्याच्या यंत्रावर एक लॉगिन मिळणे आयएसव्हीला पुरत नाही. त्याला पाडता येईल आणि पुन्हा चालू करता येईल अशी स्वतःची प्रणाली लागते. तीही एक नाही. एका ग्राहकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी, तिसऱ्याकडे डीबी-टू हा डेटाबेस एका पातळीचा आणि सीआयसीएस ही व्यवहार हाताळणारी प्रणाली दुसऱ्या पातळीची. सगळ्या जोड्यांवर तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

ग्राहकाच्या आखडत्या हाताला पैशाचेही कारण आहे. मेनफ्रेमवरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचे मासिक भाडे यंत्र किती राबले यावर ठरते. महिन्यातल्या सर्वात गर्दीच्या चार तासांची सरासरी काढून बिल लावायची पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. पाहुण्याने त्या गर्दीत आपली चाचणी लावली तर बिल यजमानाचे वाढते. म्हणून पूर्वी यंत्राचा वेळ मिळे तो मध्यरात्रीनंतरचा आणि सुट्टीचा.

धाराशिव जिल्ह्यातल्या सोनारीच्या भैरवनाथ शुगर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ही गणिते नवी नाहीत. ऊसतोडणीचा हार्वेस्टर कोटीच्या घरातला. दोन एकर उसासाठी तो कुणी विकत घेत नाही. भाड्याने येतो, पाळीने येतो, आणि पाळी लांबली की उसाला तुरे फुटतात. छोट्या आयएसव्हीचे तसेच आहे. फरक एका ठिकाणी आहे. हार्वेस्टरवाला तुमचा ऊस कोणत्या जातीचा आणि तो कोणाला विकणार हे विचारत बसत नाही. मेनफ्रेमचा मालक मात्र यंत्राला हात लावण्याआधी, तुम्ही त्यावर काय करणार आणि काय करणार नाही, ते लिहून घेतो. गेल्या तीस वर्षांत यंत्रे स्वस्त झाली, लहान झाली, पार लॅपटॉपमध्ये मावली. तरी ही लिहून घेण्याची पायरी गेली नाही. माझ्या मते या विषयाची खरी किल्ली तिथे आहे. लोक यंत्राच्या किमतीबद्दल बोलतात, पण अडवते ते लायसन्स.

नव्वदच्या दशकात आयबीएमने पी/३९० नावाचे एक कार्ड काढले. पीसीसारख्या सर्व्हरमध्ये ते बसवले की त्या कार्डावर मेनफ्रेमची प्रणाली चाले. छोट्या आयएसव्हींना तो मोठाच आधार झाला. खोलीभर यंत्र आणि त्याला पाण्याने थंड ठेवणारी नळजोडणी यांच्याऐवजी टेबलाखालचा डबा. पुढे फंडामेंटल सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने फ्लेक्स-ईएस आणले. यात कार्डही गेले. इंटेलच्या साध्या यंत्रावर मेनफ्रेमच्या सूचना समजून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर. आयबीएमच्या भागीदार योजनेत नाव असलेल्या आयएसव्हीला त्यावर मूळ प्रणाली चालवायचे लायसन्स मिळे. प्रोग्रॅमर लॅपटॉपच्या पिशवीत मेनफ्रेम घेऊन हिंडू लागले.

मग आयबीएमने यंत्रे ६४ बिटांवर नेली आणि २००४ च्या सुमाराला आलेल्या झेड-ओएस या मूळ प्रणालीच्या १.६ आवृत्तीपासून नवी रचना सक्तीची झाली. फ्लेक्स-ईएसला ती रचना वापरायचे लायसन्स मिळाले नाही. एम्युलेटर बिघडला नव्हता, त्याचा मालक थकला नव्हता; पण जुन्या आवृत्तीचा आधार संपला तशी छोट्या आयएसव्हींच्या पायाखालची जमीन सरकली. नव्या आवृत्तीवर माल तपासायचा कुठे? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खरी यंत्रे घेतली, काहींनी दुसऱ्याच्या यंत्रावर तास विकत घेतले, आणि काही छोट्यांनी हा धंदाच सोडला. ही पोकळी भरली ती आयबीएमच्या स्वतःच्या एम्युलेटरने, झेडपीडीटीने. तो साध्या लिनक्स यंत्रावर चालतो. सोबत येणाऱ्या तयार डिस्क-संचाची प्रत उतरवली की झेड-ओएस, डीबी-टू, सीआयसीएस, आयएमएस हा दुसरा डेटाबेस, कोबोलचा कंपायलर, सगळे मांडून ठेवलेले मिळते.

पण यूएसबीला एक डोंगल लावावे लागते. बोटाएवढी काडी. त्यात लायसन्स असते, किती प्रोसेसर चालवायचे त्याचा आकडा असतो आणि मुदत असते. काडी उपसली की थोड्या वेळात मेनफ्रेम थांबतो. मुदत संपली की तीत नवे लायसन्स भरून घ्यावे लागते. यात एक गंमत आहे. आयएसव्ही स्वतःही आपला माल ग्राहकाच्या यंत्राच्या अनुक्रमांकाला बांधून विकतात. प्रोग्रॅम सुरू होताना प्रोसेसरला त्याचा क्रमांक विचारतो आणि जुळला नाही तर चालत नाही. झेडपीडीटीवर तो अनुक्रमांक या डोंगलमधून येतो. दुसऱ्यांना कुलूप विकणाऱ्यांच्या खिशातही शेवटी आयबीएमची किल्ली.

झेडपीडीटीवर सगळे होत नाही. विकास आणि चाचणी चालते. खरे व्यवहार चालवायला मनाई आहे. आणि वेग मोजायला त्याचा उपयोग नाही. आपला माल दहा हजार व्यवहारांना किती प्रोसेसर खातो हे एम्युलेटरवर पाहिले तर निघेल तो आकडा इंटेलच्या चिपचा, मेनफ्रेमचा नव्हे. त्यासाठी खरे लोखंड लागते. तिथे आयबीएमच्या डलासच्या केंद्राची दूरस्थ विकास योजना कामी येते. महिन्याचे भाडे भरायचे आणि टेक्ससमधल्या खऱ्या यंत्रावर झेड-व्हीएमच्या आधाराने आपल्यापुरती वेगळी प्रणाली घ्यायची. ती प्रणाली आपण पाडू शकतो, उठवू शकतो. शेजाऱ्याला त्याची झळ लागत नाही. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे वसवायची ही युक्ती आयबीएमने १९७२ मध्येच बाजारात आणली होती. आज क्लाउडवाले जे विकतात त्याचा हा पूर्वज. २०२२ पासून आयबीएमच्या क्लाउडवर वाझी या नावाने झेड-ओएस तासाच्या हिशेबानेही मिळू लागले आहे. तेही फक्त विकास आणि चाचणीसाठी.

कुलूप तोडू पाहणारेही झाले. रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर सुरू केला. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, तो ६४ बिटांची रचनाही चालवतो आणि तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवरही धावतो. तंत्र म्हणून त्यात उणे काढायला जागा कमी. पण झेड-ओएसचे लायसन्स आयबीएमच्याच हातात, आणि हर्क्युलिसवर ते चालवायला आयबीएम देत नाही. बाउलर यांच्या टर्बोहर्क्युलिस कंपनीने २०१० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, आयोगाने चौकशी उघडली, आणि २०११ मध्ये तक्रारी मागे घेतल्यावर ती बंद झाली. आयबीएमची बाजूही समजण्यासारखी आहे: ज्या प्रणालीवर कोट्यवधी खर्च झाले ती कुठेही फुकट का चालू द्यावी? पण मालकाचाही स्वार्थ यात अडकलेला आहे, हे विसरून चालत नाही. ज्या यंत्रावर बाहेरच्या कंपन्यांची साधने चालत नाहीत ते बँक विकत घेत नाही. नव्या आवृत्तीची घोषणा होण्याआधीच मोठ्या आयएसव्हींना ती तपासायला मिळते, ते काही दानधर्म म्हणून नव्हे.

या मोठ्यांपैकी काहींचे पुण्यात बस्तान आहे. ह्यूस्टनची बीएमसी सॉफ्टवेअर २००१ पासून पुण्यात आहे. डीबी-टू आणि आयएमएसभोवतीची साधने हा तिचा जुना धंदा, आणि २०२० मध्ये तिने कॉम्प्युवेअर ही मेनफ्रेमचीच दुसरी जुनी कंपनी विकत घेतली. रॉकेट सॉफ्टवेअरचेही पुण्यात कार्यालय आहे. अशा कंपन्या स्वतःची यंत्रे बाळगतात. पण पुण्यातल्या इंजिनिअरच्या टेबलावर ते यंत्र नसते, बहुधा त्याच्या शहरातही नसते. त्याच्या पडद्यावर असते ती एक काळी खिडकी, हिरवी अक्षरे, चोवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी जागा. ३२७० नावाच्या जुन्या टर्मिनलची ही नक्कल. त्या मापाचा एक पडदा म्हणजे १९२० अक्षरे, जेमतेम दोन किलोबाइट.

हे दोन किलोबाइट सोनारीच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. परंडा तालुक्यातल्या या गावाला लोक ओळखतात ते काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे. संगणक म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो एमएस-सीआयटीचा क्लास, आणि पुढचे शिक्षण म्हटले की बार्शी, सोलापूर, पुणे. पण मेनफ्रेमशी बोलायला जाड इंटरनेट लागत नाही. जिथे व्हिडिओ अडखळतो तिथेही हिरवा पडदा उमटतो, कारण पाठवायचे ते शे-दोनशे अक्षरांचे बदल. जड काम सगळे तिकडे होते. इकडे फक्त काय टंकले आणि काय उमटले एवढेच ये-जा करते. ही पद्धत टेलिफोनच्या तारांच्या काळात बेतलेली आहे, म्हणून खेड्यातल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही ती कुरकुरत नाही.

१९९८-९९ मध्ये वायटूकेची लाट आली तेव्हा मराठवाड्यातली कितीतरी मुले कोबोल शिकायला पुण्याला गेली. वर्षाचे दोनच अंक साठवलेले जुने प्रोग्रॅम २००० साल उजाडण्याआधी दुरुस्त करायचे होते आणि माणसे कमी पडत होती. बऱ्याच क्लासांत मेनफ्रेमला हात लावायला मिळतच नसे. पीसीवरचे कोबोल, फळ्यावरचे जेसीएल (मेनफ्रेमला कामे लावून द्यायची भाषा), आणि परीक्षा वहीवर. भरपूर फी भरून मुले यंत्र न पाहता यंत्राचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडत. आज ती सबब उरलेली नाही. आयबीएमने २००५ पासून विद्यार्थ्यांसाठी 'मास्टर द मेनफ्रेम' ही स्पर्धा चालवली. तीच आता झेड एक्सप्लोअर या नावाने बारमाही सुरू आहे. नाव नोंदवले की खऱ्या झेड-ओएसवर खाते मिळते, फुकट. व्हीएस कोड हा नेहमीचा एडिटर आणि झोवे ही जोडणी घेतली की जेसीएल पाठवता येते, डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमवरच्या फायली, उघडता येतात, कोबोल आणि रेक्स या भाषांत लिहिता येते. झोवे हा २०१८ मध्ये आयबीएम, सीए ही सॉफ्टवेअर कंपनी आणि रॉकेट यांनी मिळून खुला केलेला प्रकल्प. लिनक्सपुरतेच काम असेल तर लिनक्सवन कम्युनिटी क्लाउडवर काही महिन्यांसाठी आभासी यंत्र घेऊन बघता येते.

जाळे नसेल तेव्हा लॅपटॉपवर ग्नू-कोबोल हे फुकटचे कंपायलर बसवा, आणि प्रोग्रॅममध्ये अक्षरक्रम एब्सिडिक ठेवा असे लिहायला विसरू नका. भाषेतच ती सोय आहे. हर्क्युलिसवर एमव्हीएस ३.८ ही जुनी प्रणाली चालवली तर तीही कायद्यात बसते. डीबी-टू आणि सीआयसीएस तिथे मिळणार नाहीत, पण जेसीएल, असेंब्ली आणि रात्रीची कामे कशी लागतात हे हाडामासी भिनते. मुलाखतीत समोरच्याला फरक लगेच कळतो.

ज्यांना पुढे नोकरीच करायची आहे त्यांना एवढे पुरे. पण कुणाच्या डोक्यात मेनफ्रेमसाठी स्वतःचे साधन बनवून विकायचे असेल, आणि गावात बसून ते करायला आज यंत्राची अडचण उरलेली नाही, तर त्याने एक गोष्ट आधी करावी. नाव नोंदवताना ज्या अटींवर आपण न वाचता टिचकी मारतो त्या वाचाव्यात. शिकण्यासाठी दिलेल्या खात्यावर विकायचा माल तयार करता येत नाही; तसे केले तर चांगला चाललेला प्रोग्रॅमही बाजारात नेता येणार नाही. विकायचे असेल तर आधी कंपनी नोंदवा, आयबीएमच्या भागीदार योजनेत नाव घाला, वाझीचे तास किंवा डलासचे भाडे यांपैकी काय परवडते ते बघा, आणि मगच कोडची पहिली ओळ लिहा.